पांढऱ्या गच्चीचा उन्हाळा

यंदा पुन्हा गच्च्या पांढऱ्या झाल्या.

चैत्र निम्मा सरला की आमच्याकडे खान्देशात लोक गच्चीला चुना मारायला घेतात. आदल्या संध्याकाळी पिंपात चुना भिजत घालायचा, सकाळी ऊन तापायच्या आत कुंचा घेऊन वर चढायचं आणि जिन्याच्या दिशेने मागे सरकत सरकत यायचं. दुपारी गच्चीकडे डोळे उघडून बघवत नाही. खालच्या खोल्या तेवढ्यानं जराशा निवतात, निदान निवतात असं आपण म्हणतो. रात्री त्याच पांढऱ्यावर अंथरुणं पडतात. घरातली म्हातारी माणसं, पोरं, पाहुणे, सगळे ओळीनं. शेजारच्या गच्चीवर शेजारी, त्यापलीकडे त्यांचे शेजारी. कोण कुशीवर वळलं, कोणाला खोकला झाला, सगळं सगळ्यांना कळतं.

परवा धुळ्याहून रंजनाचा फोन आला. रंजना म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विजूची बायको. म्हणाली, "अक्का, चुना झाला मारून. रविवारी ज्वारीचे पापड, बिबडे घालायचेत. शनिवारी मुक्कामालाच या." मग हसल्यासारखं करत, "का यंदाही ऑफिस शे?"

मी म्हटलं, येते. फोन ठेवल्यावर फ्रिज उघडून उगीच उभी राहिले. बर्फाचा ट्रे काठोकाठ भरलेला होता. आता तो कोणी खात नाही.

त्या उन्हाळ्यात मी बर्फ खात होते. तीन वर्षं झाली असतील. पाण्यात घालून नव्हे, नुसता, कडाकडा फोडून, फुटाणे खावेत तसा. डब्यात भरून ऑफिसात न्यायची. आमचं पाटबंधाऱ्याचं ऑफिस, तिथे सगळे म्हणायचे, मॅडमना जळगावचं ऊन सोसत नाही. मलाही तसंच वाटे. अंगातलं रक्त कमी झालं की काही बायकांना बर्फाची, मातीची, कच्च्या तांदळाची खा-खा सुटते, हे मला फार उशिरा एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. माठाच्या ओल्या बुडाशी नाक नेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहायची, तेही त्यातलंच.

पन्नाशी जवळ आलेली. पाळी कधी दोन-दोन महिने यायचीच नाही, आणि आली की थांबायचं नाव घ्यायची नाही. दिवसा तरी माणूस उभं असतं, हिंडतं-फिरतं, मध्येच बाथरूमला जाऊन येतं. रात्रीचं तसं नाही. आडवं झालं की सगळं आत साठून राहतं आणि कूस वळली रे वळली की एकदम सुटतं. पहिल्या क्षणी नुसती ऊब कळते. झोपेतच मन म्हणतं, गेलं.

मुलगा तान्हा असतानाचं मेणकापड मी माळ्यावरून काढलं होतं. त्यावर घडी घातलेली जुनी गोधडी, त्यावर गडद चादर. दोन पॅड, एक पुढे सरकवलेलं, एक मागे, आणि त्याखाली सुती कापडाची जाड घडी. अंगात चॉकलेटी परकर. उशीखाली मोबाइल, आवाज बंद करून, नुसता थरथरणारा, म्हणजे तासादोन तासांनी आपण उठावं आणि दुसऱ्या कोणी उठू नये. झोपायचं ते कुशीवर, गुडघे जुळवून, मढ्यासारखं न हलता. उठायचं तेव्हा मात्र एका झटक्यात, टॉवेल मांड्यांत धरून, थेट बाथरूम. तिथे गाठी पडायच्या, काळपट, बोटाच्या पेराएवढ्या, कधी त्याहून मोठ्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा आपल्यातलं काहीतरी तुटून पडलं असं वाटून मी खूप वेळ बादलीला धरून बसले होते. मग त्याचीही सवय झाली. डाग थंड पाण्यानंच धुवायचा, गरम पाण्यानं तो पक्का बसतो. मीठ चोळायचं. खान्देशच्या उन्हाळ्याचा उपकार एवढाच की उजाडता उजाडता दोरीवर टाकलेली चादर चहा होईपर्यंत वाळून कडक होते.

आमचे हे वर गच्चीवर झोपायचे. मी खाली, पंख्याच्या गरम वाऱ्यात. "अगं भट्टी आहे खाली, वर ये ना," असं ते वैशाखात एकदा म्हणाले. "मला उघड्यावर झोप लागत नाही," मी म्हटलं. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला मी हे सांगितलं, जिची निम्मी झोप आयुष्यभर गच्चीवर झाली तिनं. त्यांनी मान डोलावली आणि उशी काखेत मारून वर गेले. सांगितलं असतं तर ते दवाखान्यात घेऊन गेले असते, याबद्दल मला आजही शंका नाही. मी सांगितलं नाही एवढंच.

का नाही, ते सांगायचं तर नानांपाशी जावं लागतं.

नाना, माझे वडील, धुळ्याच्या कापडगिरणीत फिटर होते. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव पांझरा नदीत सोडले आणि देवांबरोबर विटाळही सोडला, असं नाना अभिमानानं सांगायचे. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईनं, तिच्या माहेरच्या जुन्या सवयीनं असेल, कोपऱ्यात वेगळं पोतं टाकून दिलं होतं. मी त्यावर बसून होते. पलीकडच्या गल्लीतली माझी मैत्रीण दर महिन्याला ओट्यावर बसायची, येणारे-जाणारे बघायचे, म्हणून मला ते फारसं वेगळं वाटलं नाही. नाना पहिल्या पाळीवरून, म्हणजे सकाळच्या शिफ्टवरून, घरी आले. त्यांनी काही विचारलं नाही. मला हाताला धरून उठवलं, पोत्याची गुंडाळी करून बाहेर फेकली आणि स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं. "आपल्या घरमा हाई काहीच नही शे," आईला म्हणाले. मला म्हणाले, "वाढ माले." मी त्यांना भाकरी वाढली. ते नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवले.

गिरणीतून ते मऊ पांढऱ्या कापडाचे तुकडे आणायचे. पगाराच्या आसपास एक गठ्ठा आमच्या फडताळात येऊन पडलेला असायचा. कशासाठी ते कधी बोलले नाहीत, आणि कधी विसरलेही नाहीत. असा बाप गल्लीत दुसऱ्या कोणाला नव्हता.

पण त्याला एक दुसरी बाजू होती, ती माझ्या लक्षात यायला निम्मं आयुष्य गेलं. एकदा पोट दुखत होतं म्हणून मी शाळा बुडवली आणि आईनं सांगितलं, तिची अडचण आहे. नाना चिडले. म्हणाले, "पोट दुखस म्हन. अडचन म्हनू नको. अडचन कसानी?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या शब्दातली शिवाशिव त्यांना नको होती. मी मात्र त्यातून वेगळंच शिकले. आपल्या घरात हे काहीच नाही. जे काहीच नाही ते सांगायचं कसं? ऑफिसातल्या जोशीबाई चारचौघांत म्हणतात, "मला कावळा शिवलाय, मी येणार नाही पूजेला," आणि विषय मिटतो. कोणी कारण विचारत नाही, कोणाला राग येत नाही. त्यांना ते म्हणावं लागतं याची मी मनातल्या मनात कीव करायची. आणि मला तेवढंही म्हणता येत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर नाना मोरीत पडले आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, पण चालणं काही परत आलं नाही. बोलणं-चालणं मी एका दमात म्हणते, त्यांचं एकच उरलं. आई आधीच गेलेली. चैत्र लागला तसं खालच्या खोलीत त्यांना राहवेना. जन्मभर गच्चीवर झोपलेला माणूस. विजू आणि शेजारचा एकजण त्यांना खुर्चीत बसवून संध्याकाळी वर न्यायचे, पट्ट्यांच्या खाटेवर निजवायचे. खाटेच्या पायाला लघवीचं भांडं टांगलेलं. रात्री त्यांनी हाक मारली की कोणीतरी ते धरायला लागायचं. विजूला रात्रपाळी. दिवस रंजनाचा आणि रात्रही रंजनाचीच.

"अक्का, शनिवारची रात्र तू घे," विजू फोनवर म्हणाला. "तिले एक दिवस तरी पाठ टेकू दे."

मी हो म्हटलं. चैत्रातले ते शनिवार मला अजून आठवतात, कारण ते चांगले होते. तेव्हा दोन महिने पाळी आली नव्हती आणि मी समजत होते, संपलं, सुटले. ऑफिसातून परस्पर धुळ्याची एस.टी. धरायची. एरंडोल, पारोळा, मग ती लांबलचक उतरण. पोचेपर्यंत दिवेलागण. नानांच्या खाटेशेजारी खाली माझं अंथरूण. चुन्याला रात्री एक थंड, ओलसर वास येतो. "जपनी का माय?" नाना मध्येच विचारायचे. झोपलेली असले तरी मी नाही म्हणायची. मग ते गिरणीतलं काहीतरी सांगायचे, कोणत्या मशीनचा आवाज कसा होता, वगैरे. मध्येच गप्प व्हायचे, आणि त्या गप्प होण्यावरून मला कळायचं की आता भांडं लागणार. हाक मारायची वेळ मी येऊ द्यायची नाही. त्यांना ते फार बरं वाटायचं. रंजनाला म्हणाले होते म्हणे, "अक्काले सांगनं पडत नही."

वैशाखी पौर्णिमा त्या वर्षी शनिवारच्याच आसपास आली. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे सगळे पांढरं नेसतात. विहारात वंदना, खीर, कॉलनीतल्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. मी आदल्या रात्री साडीला इस्त्री करून ठेवली होती. पहाटे उठले तर चादर भिजलेली. इस्त्री केलेली साडी पुन्हा कपाटात गेली आणि मी काळपट जांभळी नेसले.

बसमध्ये टॉवेलची घडी करून तीवर बसले होते. पारोळ्याच्या स्टँडवर उतरून बाथरूमला गेले, ती बाहेर येईपर्यंत बस निघून गेली. दुसऱ्या बसनं पोचले तोवर वंदना संपलेली. दारातच एक म्हातारी भेटली, नानांच्या ओळखीची. "काय वं पोरी, आज तरी पांढरं नेसती," असं म्हणून गेली. नाना खुर्चीत बसले होते, पांढरा सदरा, पांढरा पायजमा. त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं. तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं, तेही त्यांच्यासमोर, ज्यांनी पोतं फेकून दिलं होतं. मी खिरीची वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "घाईत राहिली, नाना."

त्या रात्री रंजना खाली कूलरसमोर झोपली. विजू कामावर. पोरं मामाच्या गावाला गेलेली. वर नाना आणि मी. पौर्णिमेचं चांदणं चुन्यावर पडलं की गच्चीवर अंधार म्हणून राहत नाही. लपायला कुठेच जागा नाही, असं मला झोपतानाच वाटलं होतं. माझं अंथरूण मी जिन्याजवळ ओढलं. "तठे काब्र?" नानांनी विचारलं. मी म्हटलं, "इथे वारा लागतो."

जाग आली ती उबेनं. उठले तर चादरीच्या कडेला, चुन्यावर, हाताच्या पंजाएवढा डाग. चांदण्यात तो लाल दिसत नव्हता, काळा दिसत होता. टॉवेल धरून मी खाली पळाले. बाथरूममध्ये गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला धरून खाली बसले. फरशी गार होती, ती मला फार छान वाटली, हे मला लाज वाटते तरी आठवतं. त्या गार फरशीवर बसून मी वरून येणारा आवाज ऐकला.

"माय."

थोड्या वेळानं पुन्हा, "अक्के."

मी ओ दिली असेन, नसेन. दिली असली तरी ती वर पोचली नाही. उठायला गेले की भिंत फिरत होती. मग हाक आली नाही.

धुऊन, बदलून, जिन्याची एकेक पायरी धरत मी वर आले तेव्हा नानांनी तोंड पलीकडे केलेलं होतं. खाटेच्या पट्ट्यांतून ओघळ खाली आला होता आणि पांढऱ्या चुन्यावर पसरला होता. भांडं जागच्या जागी टांगलेलं, त्यांच्या हातापासून वीतभर लांब.

"व्हई गयं," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

मला मळमळत होतं. अंगात त्राण नव्हतं, माझ्याच हातांना रक्ताचा वास येतोय असं वाटत होतं. मी पदर नाकातोंडावर दाबून धरला होता, उलटी होऊ नये म्हणून. तशीच त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पाहिलं आणि कोपरानं स्वतःचे डोळे झाकून घेतले. मी त्यांचा पायजमा बदलला, खालची चादर बदलली, अंग पुसलं. एक शब्द बोलले नाही. तोंड उघडलं तर ओकारी येईल ही एक भीती, आणि कुठे होते ते सांगावं लागेल ही दुसरी.

"कोनले सांगू नको, माय," कोपर न काढता ते म्हणाले. "रंजनाले बी."

"नाही सांगत, नाना."

एवढंच आमचं बोलणं. एका गच्चीवर बाप-लेक, दोघांच्या चादरी ओल्या, दोघं मेल्याहून मेल्यासारखे. त्यांनी त्यांची लाज माझ्या हवाली केली. मी माझी दिली नाही. दिली असती तर आम्ही बहुतेक हसलो असतो. नाना नक्की हसले असते.

कोपऱ्यात पिंपाच्या तळाशी उरलेला चुना होता. मी त्यात पाणी घातलं, कुंचा फिरवला आणि दोन्ही डागांवरून हात मारला. सकाळी ऊन आलं तेव्हा गच्ची एकसारखी पांढरी होती.

त्यानंतरच्या शनिवारी मी गेले नाही. रक्त थांबतच नव्हतं, आणि त्या गच्चीवर पुन्हा जायची छाती नव्हती. विजूला म्हटलं, साहेबांनी रविवारी बोलावलंय. पुढच्या वेळी बीपी. त्याच्या पुढच्या वेळी ह्यांच्या मावसभावाचं लग्न, जे खरं होतं, पण दुपारी आटोपलेलं. "बरं," विजू म्हणाला, आणि नंतर त्यानं विचारायचं सोडलं. रंजनानं सातही रात्री पुन्हा अंगावर घेतल्या.

मी रविवारी दिवसा जाऊन यायची, पाहुण्यासारखी, आंबे घेऊन. नाना बोलायचे, पण माझ्या हातून पाणी घ्यायचे नाहीत. मी पेला पुढे केला की म्हणायचे, "ठेव, रंजना देई." मला वाटायचं, रुसलेत. रंजना कुरकुर करायची, "पाणीच पीत नाहीत हो. एवढं ऊन तापतंय, घोटभर घेतात आणि तोंड फिरवतात. म्हणतात, रातले कोनले तरास नको." मी ऐकायची आणि परतीच्या बसची वेळ बघायची, अंधाराच्या आत घर गाठायला हवं म्हणून.

ज्येष्ठात त्यांना लघवीच्या त्रासानं ताप भरला. दवाखान्यात नेलं. तिथून ते आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी ते वाक्य बरेच दिवस धरून बसले होते. पण वैशाखाच्या उन्हात घोटभर पाणी पिऊन राहिलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

नानांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मंडळी पांगली, आणि रंजना आणि मी वरची अंथरुणं उन्हातून गोळा करत होतो. ती सहज, गादी झटकत म्हणाली, "शेवटी शेवटी सारखं विचारायचे, आज शनवार शे का. मी म्हणायची, शे नाना, पण अक्काला ऑफिस असतं. तर म्हणाले, ऑफिस नही वं. तिले मनी किळस ऊनी व्हई." गादीची दुसरी बाजू तिनं माझ्याकडे दिली. "म्हातारपणी डोक्यात काहीही येतं माणसाच्या."

मी गादी धरली. घडी केली. तेव्हाही बोलले नाही. खाटेवर नसलेल्या माणसाला आता काय कळणार होतं, हे मी स्वतःला सांगितलं. खरं असं की रंजनाच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

पावसाळ्यात मी ऑफिसात जिन्यावर कोसळले तेव्हा कुठे दवाखान्याचं तोंड पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून आधी माझ्याकडे आणि मग ह्यांच्याकडे पाहिलं. "इतके दिवस काय करत होतात?" हे म्हणाले, "मला हिनं काहीच…" आणि थांबले. बाईंनी सोनोग्राफी केली, तपासणीला तुकडा पाठवला, तो चांगला निघाला. मग गोळ्या दिल्या, रक्तवाढीची इंजेक्शनं दिली. दोन महिन्यांत रात्री कोरड्या होऊ लागल्या. इतकं सोपं होतं ते. या वयात इतकं जाणं म्हणजे सोसायचं नसतं, दाखवायचं असतं, असं बाई म्हणाल्या. चैत्रात आला असतात तरी हेच केलं असतं. चैत्रात, म्हणजे पौर्णिमेच्या आधी. तो हिशेब बाईंना ठाऊक नव्हता.

आता तर वर्ष उलटलं, काही येत नाही. कपाटात पांढरी साडी आहे, ती केव्हाही नेसता येईल. मेणकापड मी फेकलं नाही. का, ते मला सांगता येत नाही.

शनिवारी गेले धुळ्याला. जिना चढून वर आले आणि तो गार, ओलसर वास आला. नानांची खाट भिंतीशी उभी करून ठेवलेली, पट्ट्या सैल पडलेल्या. रंजनानं ज्वारी शिजवायचं पातेलं, मीठ-मिरची, लसूण, तीळ, सगळं पहाटेसाठी काढून ठेवलं होतं. विजू कामावर गेला होता. तिचं अंथरूण पाण्याच्या टाकीशी, माझं खाटेजवळ. रात्री बऱ्याच उशिरापर्यंत शेजारच्या गच्चीवर कोणीतरी मोबाइलवर भाषण ऐकत होतं. ते थांबल्यावर मी तिला सगळं सांगितलं. पौर्णिमा, बाथरूमची फरशी, पदर, पिंपातला चुना. मोडक्या वाक्यांत, पण सांगितलं.

मला वाटलं, झोपली.

"पदराचं मला बोलले होते ते," मग ती म्हणाली. "म्हणे, तिनी नाकले पदर लावा व्हता. मी म्हटलं, नाना, अक्काला लहानपणापासून वास सहन होत नाही, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. तुमच्या बाजूनं म्हणूनच बोलले मी."

मी खाटेची सैल पट्टी बोटांत धरली.

"एवढंच सांगायचं होतं तुम्ही त्यांना. हसले असते म्हातारे."

"हो."

"आणि मला सांगितलं असतं तर मी काय चार लोकांत बोंबलले असते? मी पण बाईच आहे ना. त्या सगळ्या रात्री माझीही कंबर होती, अक्का." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "आता मला सांगून मोकळ्या झाल्या तुम्ही. मी काय करू ह्याचं?"

मी म्हटलं, "काही करू नको."

तिनं कूस बदलली. मी खाटेच्या पायाकडे बघत पडून राहिले. त्या पायाला अजून दोरीचा काळा वळ आहे, भांडं टांगायचं तिथे. माझी चादर कोरडी होती. रात्रभर कोरडी राहणार होती. नानांना हवं होतं ते सगळं आता माझ्याकडे होतं, जाग, ताकद, कोरडी रात्र, आणि हाक मारायला कोणी नव्हतं.

डोळा लागला असेल. जाग आली ती पावलांनी. रंजना उठली होती, एकदम, एका झटक्यात. काखेत काहीतरी घट्ट धरून ती जिन्याकडे गेली. खाली नळ सुटला. बादलीत पाणी पडण्याचा आवाज, मग कपडा चोळल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. यंदा ती सत्तेचाळिशीची.

ती वर आली तेव्हा मी उठून बसले होते.

"रंजना, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हे असं."

"पाणी प्यायला गेले होते, अक्का," ती म्हणाली. "झोपा तुम्ही. पहाटे बिबडे घालायचेत."

तिच्या उशाशी पाण्याची कळशी होती, वरपर्यंत भरलेली, वर पालथा पेला. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ती चादर ओढून भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी लख्ख उजाडलं. कॉलनीतल्या बायका जुन्या साड्या अंथरत, मोठमोठ्यानं बोलत गच्चीवर आल्या. कोणीतरी रंजनाला चिडवलं की नणंद आली तर डोळे सुजेपर्यंत गप्पा मारल्या का, आणि रंजना हसली. मी तिचं अंथरूण उचलायला गेले. टाकीशी, तिच्या अंथरुणाच्या कडेला, हाताच्या पंजाएवढा चुना बाकीच्या चुन्यापेक्षा काळसर, ओला दिसत होता. नुकताच मारलेला. ऊन त्याच्यावर आलंच होतं. बघता बघता तो कडेनं वाळत आत आत पांढरा होत गेला.